नाय लागत

लेडीजमध्ये आठच्या पुढं नंबर येत नाही. हे वाक्य त्या हिवाळ्यात कवितानं इतक्यांदा ऐकलं की दुकानदारानं तोंड उघडायच्या आधीच तिला ते ऐकू यायला लागलं. आठच्या पुढं येत नाही म्हणजे काय हो? बायांचे पाय काय कंपनीला विचारून वाढतात? पण हे विचारायचं कुणाला? दुकानदार खोक्यांच्या भिंतीकडं बोट दाखवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचा.

पाय कविताचे नव्हते, तिच्या आईचे होते. पोशीचे. मोखाड्याच्या डोंगरात सूर्यमाळच्या खालच्या अंगाला पंधरा-वीस घरांचा एक पाडा आहे, तिथं या मायलेकी राहायच्या. कविता पाड्यावरच्याच अंगणवाडीत मदतनीस होती. बाप सोम्या दिवाळी झाली की वसईकडं कामाला जायचा, तो शिमग्याला उगवायचा. म्हणजे चपलेचा सगळा ताप कविताच्याच डोक्यावर.

आणि पोशीचा पाय बेढब होता असं कुणी म्हणत असेल तर त्याचं त्यानं बघावं. लांबीला तो आठ नंबरच भरायचा. पण पंजा! अंगठा एका दिशेला, करंगळी दुसऱ्या, मधली बोटं आपापली जागा धरून ऐसपैस बसलेली. पन्नास पावसाळे त्या पायानं भातलावणीचा चिखल तुडवला होता, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी लावली होती, उन्हाळ्यात डोक्यावर दोन हंडे घेऊन दरीतून पाणी चढवलं होतं. चपलेची गरज त्याला कधी पडलीच नव्हती. लग्नात सासरच्यांनी एक जोड आणला होता, तो पायात शिरेना म्हणून नणंदेला गेला. पोशी त्यावर हसायची. पण बाजारात गेली की काचेच्या मागच्या चपलांपुढं दोन घटका उभी राहायची, हे कवितानं लहानपणापासून पाहिलं होतं.

पाऊस सरता सरता एका सकाळी पोशी चुलीपुढं भाकरी थापत उभी होती. होय, उभी. त्यांची चूल ओट्यावर होती. कविताला करपल्याचा वास आला. ‘आये, भाकरी करपली,’ ती ओरडली. भाकरी बेस होती. चुलीतून निखारा खाली पडला होता आणि पोशीची डावी टाच त्याच्यावर होती. पोशी दुसरी भाकरी थापत होती.

मोखाड्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण कामाची. तिनं रक्त तपासलं, साखर निघाली. मग पोशीला डोळे मिटायला लावून तिनं पेनाच्या टोकानं दोन्ही तळवे टोचले, बोटं टोचली, आणि दर वेळी विचारलं, ‘कळतंय का?’ पोशी डोळे मिटून शांत बसलेली. शेवटी म्हणाली, ‘बाई, तुमी सुरू कवा करनार?’

‘साखरेनं पायांची जाण गेलीय,’ डॉक्टरीण कविताला म्हणाली. ‘टोचलं, भाजलं, त्यांना समजणार नाही. ही जखम भरेल. पण परत झाली तर बोट काढावं लागेल. बोटावर भागलं तर नशीब, नाहीतर पाऊल जाईल. गोळ्या मी देते, पण पहिलं औषध चप्पल. मऊ, मापाची, पायाला कुठंही न घासणारी. एक पाऊल अनवाणी टाकायचं नाही. आणि रोज संध्याकाळी तू स्वतः पाय बघायचे. कळलं?’

कळलं, कविता म्हणाली. पोशीलाही कळलं होतं, फक्त आपल्या परीनं. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, ‘बेस झालं गं. आता काटा मोडला तरी बोंबलाया नको.’

जखम भरायला दोन महिने गेले. कार्तिकात कविता चपलेच्या मागं लागली.

डोंगरातल्या पाड्यांवर चपलेचं माप काडीनं घेतात. बाजाराला जाणार एक जण, चपला आणायच्या पाच जणांच्या. मग ज्याच्या त्याच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत बांबूची काडी लावायची, कट्कन मोडायची, आणि कुणाची कोणती ते समजावं म्हणून दोरा बांधायचा. सोम्यानं कविताची पहिली चप्पल अशीच आणली होती, लाल दोऱ्याच्या काडीची, आणि ती बरोबर बसली होती. म्हणून कवितानंही आईच्या पायाची काडी मोडली आणि मोखाड्याच्या बाजाराला गेली. दुकानदारानं काडी आठ नंबरच्या सँडलमध्ये ठेवली. तंतोतंत. कविता खुशीत घरी आली.

काडीला रुंदी नसते, हे तिला घरी येऊन समजलं.

पोशीनं पाय घातला, तो अर्ध्यात अडकला. तिनं जोर लावला. बोटं एकावर एक चढली, टाच मागं तीन बोटं लोंबकळत राहिली. तिचा चेहरा मात्र देव दिसल्यासारखा झाला होता, कारण सँडल निळी होती आणि तिच्यावर एक फूल होतं.

‘नाय लागत गं,’ ती म्हणाली. ‘राहू दे हीच.’

‘लागत कशी नाय? पाय तर आत गेलाच नाय!’ कविता हसत सुटली. पोशीही हसली. तेव्हा हसायलाच आलं. निळी सँडल परत गेली.

मग पुरुषांची चप्पल आली. पंजा मावला, पण पुढं दोन बोटं चप्पल रिकामी. पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, ‘काय पोशी, सोम्याला घरात बशिवलं आणि तू निघाली काय वसईला?’ चेष्टेनं पोशीचं काही बिघडत नव्हतं, ती दोन उत्तरं जास्त देणारी. पण तिसऱ्याच दिवशी उतारावर त्या रिकाम्या टोकात दगड अडकला आणि पोशी हंड्यासकट पडली. आख्ख्या पाड्यात कधी न घसरणारी बाई ती! गुडघा फुटला, कोपर सोललं. घरी येऊन तिनं ती चप्पल दारामागं टाकली आणि अनवाणी फिरायला लागली. कवितानं ओरडून पाहिलं, हात जोडून पाहिलं. पोशी म्हणायची, ‘चपलेनं पाडलं गं माला. पायानं कवा पाडलं नव्हतं.’ खरंच होतं ते.

फोनवर पाहायचं तर टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली जावं लागायचं, तिथंच रेंज. कवितानं तिथं बसून दोन रविवार काढले. फोनमध्ये चपला हजार होत्या, साखरवाल्यांच्या मऊ चपलाही होत्या. एक रुंद मापाचीही सापडली. नाव टाकलं, गाव टाकलं, पिनकोड टाकला. या पत्त्यावर माल पोहोचत नाही, असं लाल अक्षरांत आलं. ती फोन बंद करून खाली उतरली.

शेवटी पोशीलाच जीपमध्ये घालून ती जव्हारला घेऊन गेली. पंकजशेठचं दुकान बाजारपेठेत सगळ्यात मोठं, छतापर्यंत खोकी. शेठ माणूस वाईट नव्हता. त्यानं सात जोड काढले, आठवा काढताना पोशीच्या पायाकडं पाहिलं आणि शिडीवरून उतरला.

‘ताई, लेडीजमध्ये आठच्या पुढं येत नाही. आणि रुंद तर कंपनी काढतच नाही.’

‘मग रुंद पायाच्या बाया काय करतात?’ कवितानं विचारलं.

शेठनं खरोखर विचार केला. ‘काय माहीत बुवा,’ तो म्हणाला. ‘दुकानात तर येत नाहीत.’

येतील कशाला? हसं करून घ्यायला? पोशी स्टुलावर बसून आपले दोन्ही पाय साडीच्या काठाखाली ओढून घेत होती. पाड्यावरच्या चार बायांना पुरून उरणारी बाई, इथं तिला पाय कुठं ठेवू असं झालं होतं. तेवढ्यात शेठ म्हणाला, ‘मागच्या गल्लीत इदरीसभाई आहेत. पूर्वी हातानं बनवायचे. आता बॅगा न् छत्र्या शिवतात, पण विचारून बघा.’

इदरीसचाचा सत्तरीला टेकलेले. घराच्या ओटीवरच त्यांचं दुकान, समोर चामडं कापायची रापी, टोचायची अरी, साच्याचे लाकडी जुने पाय ओळीनं मांडलेले. आधी ते नाहीच म्हणाले. मग पोशीनं पाय पुढं केला आणि चाचा चष्मा पुसून वाकले.

‘जुबेदा,’ त्यांनी आतल्या बायकोला हाक मारली, ‘इधर आ, देख. याला म्हणतात पाय. माझा बाप म्हणायचा, असा पाय मिळाला तर पैसे मागू नये.’

पोशीनं साडीचा काठ वर घेतला. सकाळपासून पहिल्यांदा.

चाचांनी पुठ्ठा जमिनीवर ठेवला, त्यावर तिला उभं केलं आणि पायाभोवती पेन्सिल फिरवली. बोटांच्या बेचक्यांतून, तळव्याच्या कमानीतून. जुबेदाचाचीच दारात उभी राहून अंग चोरत होती. ‘गुदगुल्या नाही होत तुला? मला तर बघूनच होतात,’ ती म्हणाली. ‘नाय गं,’ पोशी म्हणाली. कवितानं ते ऐकलं. ऐकलं, पण पुठ्ठ्यावर उमटणारा तो रुंद, आखीव पाय बघण्यात तिचं सगळं ध्यान होतं. या पायाला कुणीतरी माप म्हणून बघत होतं, चूक म्हणून नाही. तिला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

साखरेची जखम झाली होती, म्हणून मऊ हवी, एवढं तिनं सांगितलं. पायाला काही कळत नाही हे तेवढं सांगायचं राहिलं. मुद्दाम नाही हो. आनंदात राहून गेलं.

पंधरा दिवसांनी जोड तयार झाला. तपकिरी चामडं, आत मऊ अस्तर, पंजावरून एक रुंद पट्टा, टाचेमागं दुसरा, बाजूला बक्कल. पोशीनं तो हातात घेऊन आधी गालाला लावला. मग चाचांनी स्वतः तिच्या पायात घातला. पाय आत गेला. सगळा. टाच टाचेच्या जागी, करंगळीसुद्धा आत. कविताच्या डोळ्यांना धार लागली.

‘ऐक बेटा,’ चाचा म्हणाले, ‘माझी पद्धत अशी की पट्टा आधी घट्टच ठेवायचा. नवं चामडं चार दिवसांत सैल पडतं. मी घट्ट करत जातो, गिऱ्हाईक बोललं की तिथं थांबतो, पट्ट्याचं एक घर, म्हणजे एक भोक, मागं येतो. अम्मा, जिथं लागेल तिथं बोल हां.’

त्यांनी पट्टा ओढला. ‘लागतं?’

‘नाय लागत.’

एक घर आणखी. ‘आता?’

‘नाय.’

चाचा थांबले. पट्ट्यावरून अंगठा फिरवला, पोशीच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत होती. ‘करंगळीला लागतंय का? खरं सांग. शरमू नको.’

‘नाय लागत रे भाऊ. लय बेस हाय.’

‘आये, नीट सांग,’ कविताही म्हणाली, ‘लागतं का?’

‘किती येळा सांगू? नाय लागत म्हनजे नाय लागत!’

आणखी एक घर. चाचांनी बक्कल बसवलं आणि हात झटकले. ‘चाळीस वर्षांत एवढं पक्कं माप नाही बसलं,’ ते म्हणाले आणि चहा आणायला सांगितला.

पोशी त्या चपला घालून पाड्यात शिरली तेव्हा बाया दारात आल्या. दरीत पाण्याला चपला, जंगलात लाकूडफाट्याला चपला, भावकीतल्या हळदीला चपला. काळी नावाची तिची शेजारीण म्हणाली, ‘झोपते पन चपला घालून काय गं?’ पोशी म्हणाली, ‘डॉक्टरनीनं सांगितलंय तर झोपन पन.’ कविता रोज संध्याकाळी बक्कल काढून दिव्याखाली तळवे बघायची. तळवे साफ. पंजावर पट्ट्याचा वळ उठायचा, तो सकाळपर्यंत जायचा. चामडं सैल पडेलच चार दिवसांत, ती स्वतःला सांगायची. तिनं मोहाच्या झाडाखाली जाऊन बापाला फोन केला. ‘बसली, बाबा. आईला चप्पल बसली.’ सोम्या म्हणाला, ‘आता जीव थाऱ्यावर आला.’

तेवढ्यात जव्हारला अंगणवाडीच्या बायांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण लागलं. मुक्कामी. कविताला धास्ती एकच, आपण नसताना आई परत अनवाणी फिरायला लागेल. निघताना तिनं आईला दारात धरलं.

‘आये, माझी शपथ आहे. मी येईपर्यंत चप्पल पायातून काढायची नाय. अजिबात नाय.’

‘नाय काढनार,’ पोशी म्हणाली.

आणि नाही काढली. बाई शब्दाची पक्की. लेकीची शपथ म्हणजे काय खेळ आहे? पाच दिवस, पाच रात्री पोशीनं बक्कलला हात लावला नाही. अंघोळसुद्धा पाय बाहेर ठेवून केली. कविता संध्याकाळी फोन करायची, काळीच्या पोराच्या फोनवर; पोर पोशीला मोहाच्या झाडाखाली घेऊन जायचं. ‘आये, पाय कसा हाय?’ ‘बेस.’ ‘लागत तर नाय ना?’ ‘नाय लागत.’

सहाव्या दिवशी कविता जीपमधून उतरली. पोशी दारात उभी होती, हसत, चपला घातलेली. ‘बघ, नाय काढली.’ कविता जवळ आली आणि तिला वास आला. निखाऱ्याच्या दिवशी आला होता तसा करपट नव्हता. वेगळा होता. तिनं पिशवी तिथंच टाकली आणि खाली बसून डाव्या पायाचं बक्कल सोडवलं. बक्कल सुटलं, पट्टा सुटेना. करंगळीच्या बाजूला तो चिकटला होता. पाण्यानं भिजवून, हळूहळू, अर्धा तास लावून तिनं तो काढला. खाली काय होतं ते सांगत नाही. पोशी तिच्याकडं वाकून बघत होती. ‘काय झालं गं?’ ती विचारत होती. ‘काय झालं? माला सांग की.’

मोखाड्याला डॉक्टरणीनं पाय पाहिला आणि हातमोजे काढून टाकले.

‘चप्पल कुणी दिली?’

‘जव्हारला करून घेतली, मॅडम,’ कविता म्हणाली. तिचा आवाज चढला होता, आपली चूक नाही हे कुणीतरी म्हणावं म्हणून. ‘पुठ्ठ्यावर पाय काढून मापानं केलीय. घट्ट करताना दहा वेळा विचारलं, लागतं का, लागतं का म्हणून. मी पण विचारलं. नाय म्हणाली ती.’

डॉक्टरीण चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, ‘कुणाला विचारलंस?’

कविताला आधी समजलंच नाही. मग समजलं. खाटेवर पोशी पाय सोडून बसली होती, भिंतीवरचं गरोदर बायांचं चित्र बघत होती. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, माया लागते. माणसाला काय काय लागतं. पोशीच्या पायाला काहीच लागत नव्हतं, आणि सगळं जग तिलाच विचारत बसलं होतं. निळी सँडल बोटं चेंगरून अर्ध्यात अडकली तेव्हाही ती हेच म्हणाली होती. आणि आपण हसलो होतो.

पोशीला नाशिकला नेलं. सोम्या वसईहून थेट तिथं आला, सिमेंटनं माखलेल्या कामाच्याच कपड्यांत. डाव्या पायाची करंगळी काढली आणि तिच्यामागचं हाडही काढलं, पायाच्या कडेच्या मध्यापर्यंत. सोम्यानं कवितासाठी वडापाव आणला, तो तिच्या हातात तसाच गार झाला.

शिमगा होऊन गेला. जखम भरली. डॉक्टरीण पुन्हा तेच म्हणाली, ‘आता उजव्याला जप. आणि चप्पल लागेलच.’ लागेलच! या शब्दापासून काही सुटका नव्हती.

कविता आईला घेऊन इदरीसचाचांकडं गेली. दुसरं कोण होतं? चाचांनी पाय पाहिला आणि कविताच्या हातातल्या पिशवीतून जुना जोड काढून घेतला. पट्टा उलटा केला, सुलटा केला. अस्तरावरचा डाग अंगठ्यानं चाचपला.

‘मी विचारलं होतं ना, बेटा?’

‘विचारलं होतं, चाचा.’

‘अम्मा बोलली नाही.’

‘तिच्या पायाला कळतच नाय. मी सांगायला पाहिजे होतं. मी नाय सांगितलं.’

चाचांनी जोड खाली ठेवला. ‘चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून हात थांबवतो,’ ते म्हणाले. ‘दुसरं काही मला येत नाही. तोंडच बोलणार नसेल तर मी कुठं थांबू, तू सांग.’ जुबेदाचाची दारात पदर तोंडाला लावून उभी होती. ‘माझ्याच्यानं आता नाही होणार,’ चाचा म्हणाले. ‘पंकजशेठकडं बघा. आता कदाचित...’ पुढचं त्यांनी तोंडातच ठेवलं. कविताला ते तिथं समजलं नाही. बाजारपेठेत समजलं.

पंकजशेठला या मायलेकी आठवत नव्हत्या. दिवसाला शंभर पाय बघणारा माणूस. पोशी स्टुलावर बसली. काचेमागं आठ नंबरची निळी सँडल होती, तिच्यावर फूल होतं. मोखाड्याची नव्हे, पण अगदी तशीच. पोशीनं बोट दाखवलं.

शेठनं डावी सँडल पुढं ठेवली. पोशीनं पाय उचलला, घातला. आणि तो आत गेला. सरळ, अलगद, टाचेपर्यंत. जसा काही कंपनीनं तिच्यासाठीच काढला होता तो जोड.

‘बसली की मावशी!’ शेठ म्हणाला. ‘एकदम फिट.’

‘कवे!’ पोशी जवळजवळ ओरडली. ‘कवे, बघ गं! माला दुकानातली बसली!’ तिचा चेहरा फुलला होता. पन्नास वर्षं काचेच्या बाहेर उभी राहिलेली बाई आज काचेच्या आत होती. कविता त्या पायाकडं बघत होती. करंगळीच्या जागी सँडलचा काठ पायाला नीट, स्वच्छ लागून बसला होता.

शेठनं उजवी दिली. उजवा पाय अजून होता तसा होता, पाची बोटांचा, ऐसपैस. तो अर्ध्यात अडकला.

‘एक बसली ना? मग दुसरीपण बसेल,’ शेठ म्हणाला. ‘जोर लावा जरा.’

पोशीनं स्टुलाच्या कडा धरल्या आणि जोर लावला. बोटं एकावर एक चढली. करंगळी खाली दुमडली. पट्ट्याखालची कातडी पांढरी पडली. पोशी आणखी रेटत होती, डोळे डाव्या पायावरच्या फुलावर.

‘काढ!’ कविता किंचाळली. दुकानातली गिऱ्हाइकं वळली. ‘आये, काढ ती! काढ!’ ती फरशीवर बसली, दोन्ही हातांनी आईचा उजवा पाय ओढून बाहेर काढला आणि पोटाशी घट्ट धरला, आणि तिथंच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडायला लागली.

पोशी गोंधळली. मग तिनं खाली वाकून लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

‘रडते कशाला गं येडे?’ ती समजावत म्हणाली. ‘माला नाय लागत.’